दमदमा की पांढरी? खानदेशातल्या एका टेकाडाचं प्रकरण

किल्ल्याचं, गावाचं आणि माणसांची नावं या नोंदीत मुद्दाम दिलेली नाहीत. जागा अजून पुरती सुरक्षित नाही आणि शेत खासगी मालकीचं आहे. मी या कामात नोंदी ठेवायला होतो. मोजमापं आणि बोलणी तेव्हाच्या वहीतून घेतली आहेत.

पार्श्वभूमी

तापी खोऱ्यातलं तालुक्याचं एक गाव. गावाला नदीकाठी भुईकोट किल्ला. पेशवाई संपली त्या धामधुमीत, १८१८-१९ मध्ये, खानदेशातल्या ज्या किल्ल्यांना वेढे पडले त्यांतलाच हा एक. किल्ल्याच्या पूर्वेला साधारण ३८० मीटरवर शेतात एक टेकाड आहे. उंची सव्वातीन मीटर, पसारा सुमारे १८ गुंठे. शेताचे मालक साठीतले शेतकरी, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. आप्पांनी टेकाड सपाट करून तिथे ठिबकवर केळी लावायचं ठरवलं होतं. माती वीटभट्टीवाला उचलणार होता. जेसीबी ठरला होता आणि काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत उरकायचं होतं.

गावात आठ-दहा जणांचं इतिहास मंडळ आहे. त्यात एक निवृत्त शिक्षक, दोन वकील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक मोजणीदार आणि बाकी कॉलेजची मुलं. हे टेकाड म्हणजे इंग्रजांनी तोफा चढवायला घातलेला दमदमा, असं मंडळाचं जुनं मत. जेसीबीची बातमी कळली आणि प्रकरण सुरू झालं.

वेढ्याची गोष्ट आपल्याकडे तटाच्या आतून सांगितली जाते. किल्लेदार कोण, शिबंदी किती, दरवाजा कोणी उघडला, हे पोरासोरांना माहीत असतं. बाहेरच्या फौजेला मात्र आधी स्वतःसाठी किल्ल्यासारखंच काहीतरी बांधावं लागे, हे कोणी फारसं सांगत नाही. तटावरून गोळ्यांचा मारा चालू असताना उघड्या रानात तोफ उभी करता येत नाही. दगडी तटाला खिंडार पाडायचं तर १८ पौंडी तोफ शक्यतो चार-पाचशे यार्डांच्या आत आणावी लागे. त्या अंतरावर समोरून येणारा गोळा अडवायला मातीची १८-२० फूट जाडीची भिंत हवी. मग काटक्यांच्या मोळ्या, मातीने भरलेल्या टोपल्या, वाळूच्या गोणी, तोफेखाली लाकडी फळ्या, मागे दारूसाठी खड्डा आणि छावणीपर्यंत आडोशाने जाणारा खंदक. हे सगळं बहुतेक रात्री बांधायचं, कारण दिवसा आतून नेमका मारा होई.

मालेगावला १८१८ च्या मे महिन्यात कर्नल मॅक्डॉवेलच्या फौजेने मोर्चे, म्हणजे तोफांसाठी मातीचे आडोसे बांधायला घेतले तेव्हा आतले भाडोत्री अरब शिपाई रात्री बाहेर पडून त्या कामावरच तुटून पडले. २९ मेचा हल्लाही त्यांनी परतवला. जूनमध्ये बॉम्बगोळ्यांनी किल्ल्यातलं दारूगोळ्याचं कोठार उडालं, त्यानंतर किल्ला हाती आला. पुढच्या वर्षी असीरगडाच्या वेढ्यात उलट झालं, इंग्रजांच्याच मोर्चामागचा दारूसाठा उडाला आणि त्यांचीच माणसं गेली. बाहेरच्या मातीकामावर इतक्या लोकांचे प्राण अवलंबून असत.

हे तंत्र इंग्रजांनी आणलेलं नव्हे. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने १६६५ मध्ये पुरंदरसमोर लाकडी दमदमा उभारला होता. रामसेजच्या वेढ्यातला मोगलांचा लाकडी दमदमा नाशिककडच्या माणसाला सांगावा लागत नाही. गोवळकोंड्याला औरंगजेबाने १६८७ मध्ये किल्ल्याभोवती लाकूड-मातीची भिंतच घातली. आणि खानदेशातला सगळ्यात मोठा वेढा, असीरगडचा, त्यात अकबराच्या फौजेने आजूबाजूचे डोंगर धरून मोर्चे लावले आणि महिनोन्‌महिने बसून जानेवारी १६०१ मध्ये किल्ला घेतला.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली अडचण जमिनीची. इस्रायलमधल्या मसाडाला रोमन फौजेच्या आठ छावण्या आणि मातीचा उतार आजही उघड्या डोळ्यांना दिसतात, कारण ते वाळवंट आहे. फ्रान्समधल्या आलेसियाला सीझरने इ.स.पू. ५२ मध्ये दुहेरी तटबंदी घातली, एक आतल्यांना कोंडायला आणि दुसरी बाहेरून येणारी मदत अडवायला. तिचे खंदक नेपोलियन तिसऱ्याच्या काळात खणून शोधावे लागले. आपली काळी जमीन तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगून त्या मिटवते. त्यावर दोनशे वर्षं नांगर फिरला. खंदक दहा-वीस वर्षांत बुजतो. उरतो तो एखादा उंचवटा, तोही कोणाच्या तरी पाण्याच्या आड येणारा.

दुसरी अडचण अशी की खानदेशात शेतातलं प्रत्येक टेकाड दमदमा नसतं. तापी-गिरणेच्या काठाने जुन्या वस्त्यांची टेकाडं ठिकठिकाणी आहेत, आपण त्यांना पांढरी म्हणतो. प्रकाशे, बहाळ, सावळदे इथल्या टेकाडांखाली ताम्रपाषाण काळापर्यंतच्या वस्त्या निघाल्या आहेत. आपल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांवर पिढ्यान्‌पिढ्या याच टेकाडांची माती पडली. मंडळ ज्याला दमदमा म्हणत होतं ती पांढरीही असू शकत होती.

तिसरी अडचण कायद्याची. टेकाड किल्ल्याभोवतीच्या संरक्षित पट्ट्याच्या बाहेर होतं, गट नंबर आप्पांच्या नावावर. माती भट्टीला न्यायला तहसीलची परवानगी आणि रॉयल्टी लागते, पण टेकाड जपायला कुठलाही आदेश नव्हता.

चौथी अडचण आप्पांची, आणि माझ्या मते सगळ्यात खरी. पहिल्या भेटीत ते एवढंच म्हणाले, “तुमले इतिहास जोयजे, माले वावर सपाट जोयजे. दोन्ही व्हई का?” टेकाडावर पाणी चढत नव्हतं, दादर ज्वारीसुद्धा नीट येत नव्हती. १८ गुंठे पडीक ठेवून वर भट्टीचे पैसेही सोडायचे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

समोरचे पर्याय

बैठक गुरुजींच्या ओट्यावर झाली. वकिलांपैकी एकाचं म्हणणं, तहसीलदारांकडे तक्रार करून काम थांबवावं. माती उचलण्याची परवानगी अजून घेतलेली नव्हती, त्यामुळे काम थांबलंही असतं. पण परवानगी मिळाल्यावर पुन्हा सुरू झालं असतं, आणि आप्पांनी मंडळाला बांधावरही उभं केलं नसतं.

मुलांना स्वतः खणून पाहायचं होतं. एकाच्या ओळखीत मेटल डिटेक्टर होता. यावर मोजणीदार काका पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. परवान्याशिवाय खणणं बेकायदा आहेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे वस्तू ज्या थरातून आली तो थर गेला की वस्तू मुकी होते. शिशाची गोळी हातात येईल, पण ती कोणाच्या बाजूची, कधीची, हे मग कोणी सांगू शकणार नाही. हा पर्याय तिथेच संपला.

गुरुजींना वाटत होतं की फोटो काढावेत, मोजावं आणि टेकाड जाऊ द्यावं. आपल्याकडे पैसा नाही, अधिकार नाही, निदान नोंद तरी राहील. चौथा पर्याय चर्चेत हळूहळू तयार झाला. आधी मोजायचं, पुरातत्त्व खात्याला लेखी कळवायचं, आणि आप्पांच्या पाण्याचा प्रश्न आपला समजून टेकाडाचा काही भाग वाचतो का ते पाहायचं. यात वेळ सगळ्यात जास्त जाणार होता आणि आखाजी जवळ येत होती.

निर्णय चौथ्या पर्यायाचा झाला. माझ्या मते तो योग्य होता, पण त्याला आधार कमी होता, कारण टेकाड नेमकं काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आपण काय वाचवतोय हे माहीत नसताना काय सोडायचं ते ठरवता येत नाही, हे पुढे फार ठळकपणे समोर आलं.

काय केलं

मोजणीदार काकांनी दोन मीटरच्या चौकटी आखून डंपी लेव्हलने, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीने, टेकाडाच्या उंच्या घेतल्या. कागदावर समोच्च रेषा आल्या तेव्हा पहिली गोष्ट दिसली. पांढरीचं टेकाड बहुधा सगळीकडून गोलसर ओघळलेलं असतं. याचा माथा सपाट होता, आणि किल्ल्याकडच्या म्हणजे पश्चिम कडेला साधारण २२ मीटर लांबीचा अर्धा-पाऊण मीटर उंच बांध होता. तो सरळ किल्ल्याच्या कोपऱ्याच्या बुरुजाला तोंड करून होता. बांधाच्या पायथ्याशी खोलगट पट्टा होता, पावसाळ्यात तिथे पाणी साचतं असं आप्पांनी आधीच सांगितलं होतं. उंचावरचा मोर्चा बांधताना माती पुढच्या खंदकातून काढून वर टाकायची रीत होती, तिच्याशी हे जुळत होतं.

दुसरा धागा आप्पांच्या घरात मिळाला. त्यांच्या आईने वर्षानुवर्षं लसूण-मिरची ज्या लोखंडी गोळ्याने ठेचली, तो याच शेतात नांगरताना निघालेला होता. व्यास ९ सेंटिमीटर, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, एका बाजूला ओतकामाची पुसट शिवण. माप सहा पौंडी तोफेच्या गोळ्याशी जुळतं. मुलांना वाटलं, झालं, पुरावा मिळाला. पण वेढा घालणाऱ्यांनी झाडलेले गोळे किल्ल्याच्या तटात आणि आत सापडायचे. त्यांच्या मोर्चापाशी सापडतो तो बहुधा किल्ल्यातून आलेला, नाहीतर साठ्यातून राहिलेला. सहा पौंडी तोफेने तट पडत नाही, म्हणून तो किल्ल्यातून आला असण्याची शक्यता जास्त. म्हणजे आतल्यांनी या टेकाडाच्या दिशेने मारा केला असावा. हे ‘असावा’ वहीत मी अधोरेखित केलं, कारण गोळा शेतात नेमका कुठे निघाला ते कोणाला आठवत नव्हतं.

मग गोळ्याचं काय करायचं? भूमिगत निधीचा १८७८ चा कायदा जमिनीत मिळालेली दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. हा गोळा त्यात बसतो की नाही यावर वकिलांत एकमत नव्हतं. तरीही कळवायचं ठरलं. आप्पा आधी घाबरले. गोळा जाईल, वर चौकशी लागेल, असं त्यांना वाटलं. वकील त्यांच्यासोबत तहसीलला गेले, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आप्पांचा मंडळावरचा विश्वास त्या दिवशी बसला असं मला वाटतं.

याच सुमारास नुकसानही झालं. टेकाडाचा फोटो ‘इंग्रजांचा दमदमा सापडला’ अशा मजकुरासह मोबाइलवरून गावभर गेला. दोन रात्रींनी टेकाडाच्या दक्षिण उतारावर खड्डे दिसले. कोणी धन शोधत होतं. थर उकरले गेले, खापऱ्या विखुरल्या. आप्पांनी नंतर शेतावर झोपायला माणूस ठेवला.

छेदात काय दिसलं

टेकाडाच्या उत्तरेला एक उभा कडा आहे. धाब्यांसाठी पूर्वी लोकांनी तिथून माती नेली, त्यातून तो तयार झाला. पत्राला उत्तर म्हणून पुरातत्त्व खात्याचे एक अधिकारी आले. त्यांच्या समक्ष तो कडा करणी आणि कुंच्याने हलकेच साफ केला. खणलं काहीच नाही.

खालचे सुमारे दोन मीटर पट्ट्यापट्ट्यांचे होते. राखेचा पट्टा, भाजलेल्या मातीचा लाल पट्टा, मध्ये शेणामातीने सारवलेल्या जमिनीची बारीक रेघ, हाडांचे तुकडे, आडव्या पडलेल्या खापऱ्या. ही पांढरीच. वस्ती मोडून पुन्हा उभी राहत गेली, थरावर थर चढत गेला. त्यावरचा सव्वा मीटर मात्र वेगळा होता. पांढऱ्या मातीत काळ्या मातीची ढेकळं, खापऱ्या उभ्या-तिरप्या कशाही, आणि सगळी भर पश्चिमेकडे उतरत टाकल्याच्या तिरक्या रेघा. ही माती साठत गेलेली नाही, टोपल्यांनी आणून टाकलेली आहे.

मुलांपैकी एकीने चांगला प्रश्न विचारला. ही विहिरीची माती कशावरून नसेल? विहीर जवळच आहे. पण विहिरीच्या मातीत मुरूम आणि दगडाच्या चिपा हमखास येतात आणि या भरीत त्या नव्हत्या. काळी माती वरच्या थरातली, म्हणजे उथळ खोदकामातून आलेली. भरीच्या तळाशी मातीच्या चिलमीचा तुकडा दिसत होता. तंबाखू आपल्याकडे १६०० च्या सुमारास आला, म्हणून ही भर सतराव्या शतकाच्या आधीची नसावी, असं अधिकारी म्हणाले. ती १८१८ चीच आहे, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मोगल, निजाम, मराठे, पेंढारी, या किल्ल्यासमोरून कोण गेलं नाही? मला त्यांचं बरोबर वाटतं.

तर टेकाड दोन्ही होतं. बाहेरून आलेल्या फौजेला रानात आयती उंची मिळाली, तिने तिच्यावर माती चढवली. तोफखान्याच्या माणसाने असंच केलं असतं. रात्रभरात सव्वातीन मीटर माती उचलण्यापेक्षा सव्वा मीटर उचलणं कोणालाही परवडेल.

अवघड निर्णय

आणि इथे मंडळात खरा पेच पडला. मंडळाला जपायचा होता वरचा थर, वेढ्याचा. अधिकाऱ्यांच्या लेखी खालचा थर जास्त मोलाचा, कारण तो किल्ल्याहूनही कितीतरी जुना. टेकाड थोडं उतरवायचं म्हटलं तर आधी जाणार वरचंच.

गुरुजी अस्वस्थ झाले. त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना किल्ल्यावर नेऊन हे टेकाड लांबून दाखवलं होतं. एक वकील म्हणाले, अर्धं पूर्ण ठेवू, अर्धं पूर्ण जाऊ दे. त्यात जाणाऱ्या अर्ध्यातली जुनी वस्ती कायमची गेली असती. मोजणीदार काकांनी नकाशावर रेघा मारून तिसरा मार्ग काढला. पश्चिमेचा बांध आणि त्यामागचा पट्टा, मिळून चार गुंठे, पूर्ण उंचीचा तसाच ठेवायचा. बाकीच्या भागावरची फक्त भर काढायची, पांढरीच्या थराला हात लावायचा नाही. म्हणजे शेत सपाट होणार नाही, दोन टप्प्यांचं होईल.

दोन टप्प्यांवर ठिबक चालतं का, हे आप्पांना पटवायला ठिबकचं काम करणारा गावातलाच एक पोरगा आणला. वरच्या टप्प्याला वेगळा व्हॉल्व्ह दिला की दाब पुरतो, असं त्याने जागेवर दाखवलं. जादा पाइप आणि व्हॉल्व्हचा खर्च मंडळाने वर्गणीतून उचलला. भट्टीला जाणारी माती मात्र बरीच कमी झाली आणि ते पैसे आप्पांनी सोडले, त्याची भरपाई कोणी केली नाही. प्रकरणाची ही बाजू कागदावर राहायलाच हवी.

निकाल

काम आखाजीनंतर झालं. जेसीबीपुढे मोजणीदार काका स्वतः उभे होते, चुन्याच्या खुणा करून. दर फुटाला काम थांबवून फोटो आणि उंची घेतली. भर काढताना शिशाच्या तीन गोळ्या आणि बैलाच्या नालाचा तुकडा मिळाला. कुठल्या चौकटीत, किती खोलीवर, हे लिहून ते तहसीलमार्फत खात्याकडे दिले. पश्चिमेच्या चार गुंठ्यांवर आप्पांनी मोटारीची खोली बांधायचा बेत बदलून ती खाली बांधली. नकाशा, छेदाचं रेखाटन आणि फोटो खात्याकडे, तहसीलला आणि गावच्या वाचनालयात असे तीन ठिकाणी आहेत. टेकाडाला कायद्याचं संरक्षण मिळालेलं नाही. उद्या शेत विकलं गेलं तर नव्या मालकावर कसलंही बंधन नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खात्याला पत्र जेसीबी ठरण्याआधी, निदान वर्षभर अगोदर जायला हवं होतं. टेकाडाबद्दल मंडळाचं मत जुनं होतं, मग नोंदही जुनी हवी होती. उन्हाळ्याच्या तोंडावर घाईत झालेल्या मोजणीत दक्षिण उताराच्या उंच्या अपुऱ्या राहिल्या, आणि नेमका तोच उतार चोरट्यांनी उकरला.

फोटो बाहेर जाण्याबद्दल आधी ठरवायला हवं होतं. अशा कामात जागा कळेल असा फोटो काम पूर्ण होईपर्यंत कोणाच्याही मोबाइलवर नको. हा नियम आता मंडळाने लिहून ठेवला आहे.

आप्पांशी पहिलं बोलणं इतिहासाबद्दल झालं. ते पाण्याबद्दल व्हायला हवं होतं. ठिबकवाला पोरगा पहिल्याच आठवड्यात शेतावर आला असता तर दोन टप्प्यांची कल्पना आधी सुचली असती, आणि भट्टीवाल्याशी सौदा होण्याआधी सुचली असती तर आप्पांचं नुकसानही कमी झालं असतं.

‘दमदमा’ हे नाव आधीच पक्कं धरल्याने खालच्या पांढरीकडे सगळ्यांचं लक्ष उशिरा गेलं. अधिकारी आले नसते तर भर जपण्यासाठी मंडळाने जुन्या वस्तीवर जेसीबी चालू दिला असता, हे मला आजही बोचतं.

पश्चिमेचा खोलगट पट्टा आप्पांच्या बांधापाशी संपत नाही. तो शेजारच्या शेतात शिरून किल्ल्याच्या दिशेने वाकतो. तिथे कपाशी एका पट्ट्यात हातभर उंच आणि जास्त दिवस हिरवी राहते. बुजलेल्या खंदकात ओल टिकते, म्हणून असं होऊ शकतं. शेजारी तयार आहेत. कपाशी निघाली की रब्बीच्या पेरणीआधी त्या पट्ट्याच्या उंच्या घ्यायच्या, आणि त्याआधी, पीक उभं असतानाच, हिरव्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकून घ्यायच्या, असं ठरलं आहे. यावेळी खात्याला पत्र आधी गेलं आहे.